मागाच्या खड्ड्यातली अळंबी

वडगाव, बेळगाव
नागपंचमीनंतरचा सोमवार

तीर्थरूप रवळूअण्णांच्या पायांशी धाकट्या तारेचा नमस्कार. (पायांशी डोकं ठेवलंय ते कागदावरच समज. कमरेला पट्टा आहे, खरंच वाकले तर वर उचलायला दोन माणसं लागतात.) इकडे आम्ही बरे आहोत, म्हणजे ज्या अर्थी मी पत्र लिहायला बसले आहे त्या अर्थी बरेच असणार. तिकडे तू, जयावहिनी, दोन्ही म्हशी आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर गुरगुरणारा तो म्हातारा कुत्रा, सगळे खुशाल असाल. वडील भावाला पत्रात 'तुम्ही' लिहावं असं शाळेत शिकवलं होतं. दोन ओळी तसं लिहूनही पाहिलं, पण समोर तू नाही, तलाठी बसलाय असं वाटायला लागलं. म्हणून कागद फाडला आणि पुन्हा 'तू'वर आले.

आता तू म्हणशील, हातात फोन असताना पत्र कशाला? तर अण्णा, तुमच्या गावची एक गंमत माझ्या ध्यानात आली आहे. भाताची लावणी, म्हशीचं दूध, गव्यांनी केलेली नासधूस, कुणाचं जमलेलं लग्न का मोडलं, हे सगळं तुझ्या फोनवर स्वच्छ ऐकू येतं. 'डॉक्टर' हा शब्द निघाला की तुझ्याकडची रेंज जाते. एकदा तर मी नुसतं 'डॉ' म्हणाले आणि गेली. पत्राला रेंज लागत नाही, आणि रागानं बाजूला ठेवलं तरी ते तिथंच पडून राहतं. दुसरं असं की, अळंबीला जाताना हल्ली तू टोपली अर्ध्या चढावर खाली ठेवतोस आणि छातीवर हात धरून दगडावर बसतोस, हे मला जयावहिनीनं सांगितलेलं नाही. मुळीच नाही. तिला उगाच बोलू नकोस. आणि तिसरं कारण म्हणजे परवाचा तुझा फोन. आपण होऊन फोन केलास आणि म्हणालास, "तारे, औंदा अळमी लई आल्यात गं. ये एकदा. जागा सांगून ठेवतो तुला." मी हसले, हो म्हणाले आणि फोन ठेवला. त्याबद्दल शेवटी लिहिते. आधी इकडची हकीकत सांगू दे, नाहीतर मी मूळ मुद्दाच विसरेन. (मूळ मुद्दा काय तेही शेवटीच कळेल.)

पण त्या जागेचं नाव निघालंच आहे तर लिहूनच टाकते. आपल्या घरात त्या वारुळाच्या अळंबीचं केवढं प्रस्थ! आप्पा पहाटे घरातून उजव्या अंगानं निघायचे आणि डाव्या अंगानं परत यायचे. पाठीमागून कुणी आलंच तर त्याला घेऊन नुसतेच रानभर हिंडायचे आणि रिकाम्या टोपलीनं घरी यायचे. वारुळाकडे बोट दाखवायचं नाही, बोट दाखवलं की अळंबी कुजते. तिथं मोठ्यानं बोलायचं नाही. एक अळंबी नागोबाच्या वाटणीची म्हणून वारुळापाशीच ठेवायची, पहिली रवळनाथापुढं ठेवायची आणि उरलेली सगळ्या गल्लीत वाटायची. अळंबी वाटायला आप्पांनी कधी हात आखडला नाही. जागा मात्र बापानं मुलाला सांगायची, तीही एकदाच. लेकींना नाहीच, कारण लेक जागा सासरी घेऊन जाते. मी फ्रॉकात होते तेव्हा हटून बसले होते, तर आप्पा म्हणाले, "तुला कशाला जागा? तुला अळमी मिळत्यात न्हवं?" ते खरंच होतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण खानापूरच्या बसमधल्या कुणाच्या तरी हाती कुंभ्याच्या पानात बांधलेलं तुझं पुडकं आलं नाही असा एक पावसाळा गेला नाही. माहेरी आले की मी विचारायची, कुठून आणलीस रे? की तू तोंड फिरवून म्हशीशी बोलायला लागायचास. ती म्हैससुद्धा कंटाळली असेल.

असो. तर तुझे दाजी. मागच्या दिवाळीत यांच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली हे तुला ठाऊक आहेच. (तू बघायला आलास, वॉर्डाच्या दारात उभा राहिलास, फिनेलचा वास आला म्हणालास आणि शहाळं माझ्या हातात देऊन पळालास.) डॉक्टरबाई 'जाळी' म्हणाल्या मात्र, यांच्यातला विणकर उठून बसला. जाळी कुठल्या सुताची, उभे धागे किती, आडवे किती, धुतल्यावर आटते का, असं सगळं खाटेवर पडल्या पडल्या विचारून झालं. बाई बिचाऱ्या हसत म्हणाल्या, सुताची नव्हे, धातूची असते. "म्हंजे जरीची," हे म्हणाले. तेव्हापासून वडगावात भेटेल त्याला सांगतात की माझ्या काळजात जर घातलीय, आणि समोरचा माणूस घाईघाईनं चहा मागवतो. बाईंनी घरी सोडताना नीट समजावलं होतं. मीठ कमी, तेल कमी, भाज्या, नाचणी, कडधान्यं भरपूर, रोज चालायचं आणि गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. त्यातल्या एका गोळीनं रक्त पातळ राहतं, म्हणजे जाळीत गुठळी अडकत नाही. यांनी मान डोलावली. यांची मान कशी डोलते ते तुला ठाऊक आहे. माझ्या लग्नाच्या बोलणीतही अशीच डोलत होती, आणि नंतर कळलं की त्यांना त्या वेळी काहीच ऐकू आलं नव्हतं.

इथवर ठीक होतं. मग निपाणीचे मारुतीराव आले. मारुतीराव म्हणजे यांचे जुने दोस्त. उभा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला, स्वतः दिवसाला किती विड्या ओढल्या ते त्यांनाच माहीत नाही, आणि मग एकदा छातीत कळ येऊन तेही खाटेवर पडून आले. तिथून उठले ते निसर्गाचे भक्त होऊनच. माणूस मनानं सोन्यासारखा, पण ज्यानं आयुष्यभर जिल्ह्याला धूर पुरवला तोच आता सकाळी सकाळी आपल्याला जवस खायला सांगतो, याचा त्रास होतोच. पिशवी भरून घेऊन आले. जवस, कारळे, अर्जुनाची साल, वाळवलेलं बीट, आणि लसणाची वेणी एवढी लांब की मी आधी ती दाराला तोरण म्हणून बांधली. दोघं मित्र समोरासमोर बसून आपापल्या नळ्यांबद्दल इतकं मायेनं बोलत होते की मला चहाचे कप उचलून आत जावं लागलं. दोघंही घाबरलेले होते, अण्णा. पुरुषमाणसं घाबरली की घाबरलो म्हणत नाहीत, बिया खातात.

दुसऱ्या दिवसापासून घराचा दवाखाना झाला. उठल्याबरोबर कच्ची लसूण, पाकळी नव्हे, गड्डा. त्यावर सालीचा काढा, त्यावर बिटाचा रस, त्यावर नाचणीची आंबील, आणि प्रत्येकावर जवसाची पूड, देवळात गुलाल टाकतात तशी. दूधवाला घरात यायचा बंद झाला, पातेलं उंबऱ्यावर ठेवा म्हणाला. आपली माधवी पुण्याहून आली होती, ती बापाच्या गळ्यात पडली आणि लगेच सुटली. मला हे सगळं वाईट वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू? नाचणीची आंबील आपल्या माहेरची, ती या घरात इतक्या वर्षांनी मानानं आली. हरभऱ्याची उसळ, दोडक्याच्या शिरांची चटणी, बिनतेलाची भाकरी, हे सगळं चांगलंच होतं. यांचं पोटही जरा आत गेलं. (शेजारच्या बारशात मात्र गोड कुंद्याची वाटी यांनी ओळखच नसल्यासारखी पुढं सरकवली, आणि घरी आल्यावर मिशीत कुंदा सापडला. माणसाला तेवढं असावं.)

पण रक्त पातळ करायची गोळी आणि वर गड्डागड्डा कच्ची लसूण, याचा मेळ काय बसतो ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते किशनच्या ध्यानात आलं. किशन म्हणजे कोपऱ्यावरचा सलूनवाला. यांची दाढी करताना हनुवटीला वस्तरा जरासा लागला, मुंगी चावावी इतकाच. तुरटी लावली, थांबेना. पावडर लावली, थांबेना. किशननं दुकानातले सगळे टॉवेल संपवले, मग स्वतःचा रुमाल दिला आणि मग बाहेर येऊन पायरीवर डोकं धरून बसला. हे शांतपणे आरशात बघत म्हणाले, "बघ किशन, रक्त किती पातळ झालंय. मस्त काम चाललंय." हनुवटीला लाल टॉवेल दाबून हे गल्लीतनं घरी आले तेव्हा लोकांना वाटलं, मी काहीतरी केलं. एकजण तर मला समजूत घालायला आला. दवाखान्यात पट्टी बांधता बांधता बाईंनी सांगितलं की फोडणीतली लसूण चालेल, हे असलं नाही चालणार, लसणीनंही रक्त पातळ होतं, गोळीनंही होतं, दोन्ही एकदम नको. बाई म्हणाल्या दोन्ही नको, म्हणजे लसूण सोडा. यांनी ऐकलं दोन्ही नको, म्हणजे गोळी सोडली तरी चालेल. पण ते लगेच नाही झालं. मधे अळंबी आली.

अळंबीचं असं झालं. मारुतीरावांनी सांगितलं की अळंबीत मीठ नाही, चरबी नाही, काळजाला हलकी. त्यात काही खोटं नाही म्हणा. पण वारुळाची अळंबी वर्षातून एकदा, तीही तू पाठवशील तेव्हा. म्हणून हे हिंडलग्याला धिंगरी अळंबी घरी कशी वाढवायची त्याच्या शिबिराला गेले. दिवसभर बसून आले. भाताचं पिंजर उकळायचं, निथळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत एक थर पिंजराचा, एक बियाण्याचा, तोंड बांधायचं, भोकं पाडायची आणि अंधारात टांगून विसरून जायचं. शिकवणाऱ्यानं नमुना म्हणून एक तयार भरलेली पिशवीही दिली. यांनी ती पिशवी घरी आणली आणि कोपऱ्यात फेकली. म्हणाले, "पिंजर म्हशी खात्यात. आपल्या घरात सुताला काय दुष्काळ हाय?" आणि पॉवरलूमच्या शेडमधलं सगळं वेस्ट सूत गोळा करून त्याच्याच पिशव्या भरल्या. आता आमच्याकडं अलीकडं साड्या कसल्या होतात? आर्ट सिल्क आणि पॉलिस्टर. गुलाबी, मोरपंखी, मधे मधे जरीचे तुकडे. नवरात्रातल्या मंडपासारख्या त्या पिशव्या शेडच्या आढ्याला लोंबायला लागल्या. पॉलिस्टर अळंबीच्या बापालाही पचणार नाही, हे मी बोलले होते. तर मला म्हणाले, तू शेतकऱ्याची पोर, तुला पिंजरच दिसणार.

एकाच पिशवीत चुकून सुती वेस्ट गेलं होतं. तिच्यात मात्र पांढरे तंतू पसरायला लागले. अळंबीचं मूळ असतं म्हणे ते. त्याला हात लावायचा नसतो. पण ज्या माणसानं जन्मभर मागावर बसून तुटलेला धागा पकडलाय, त्याला पांढरा तंतू दिसल्यावर कुठला दम निघतो? रोज पिशवी सोडायची, चष्मा चढवायचा, कुठला तंतू कुठं गेलाय ते बघायचं. एक दिवस तर मी पाहिलं, हे तंतू सोडवून सरळ लावत होते. गुंता झाला होता म्हणे. चार दिवसांत त्या पिशवीला हिरवी बुरशी आली, ती मी परसात नेऊन पुरली. हे दिवसभर जेवले नाहीत. आता हसू येतं, पण तेव्हा मला वाईट वाटलं रे. शेडमधले निम्मे माग बंद पडून आहेत, माल उठत नाही, त्यात छातीत जाळी. या माणसाला आपल्या हातून काहीतरी उगवून यावं असं वाटत होतं, एवढंच.

आणि मग घरभर रानासारखा वास सुटला. ओल्या मातीचा, आपल्या गावच्या रानाचा वास, वडगावात, घराच्या पुढच्या सोप्यात! आमच्या सोप्यातला खड्डामाग तुला आठवत असेल. सासऱ्यांनी शेती सोडून माग घातला तो त्याच खड्ड्यात. काठावर बसायचं, पाय खाली सोडायचे आणि पायानं पावड्या दाबायच्या. हेही पोरवयापासून तिथंच बसले. पॉवरलूम आल्यावर माग गेला, पण खड्डा बुजवायला यांचा जीव झाला नाही. वर फळ्या टाकल्या आणि सतरंजी. तर ती कोपऱ्यात फेकलेली पिंजराची पिशवी सारखी पायात यायची म्हणून मी एकदा एक फळी उचलून खाली टाकून दिली होती आणि विसरून गेले होते. अंधार होता, ओल होती, लादी पुसलेलं पाणी फटीतून झिरपत होतं, आणि मुख्य म्हणजे यांना ती तिथं आहे हे ठाऊक नव्हतं. फळ्या काढल्या तर खाली पिशवीच्या भोकाभोकातून पांढरी शुभ्र धिंगरी, एकावर एक, कानाच्या पाळ्यांसारखी. हे काठावर बसले आणि रडायलाच लागले. म्हणाले, "माझ्या बानं दिलं गं हे." पिशवी मी टाकली होती हे सांगायला तोंड उघडलं होतं, पण मिटलं. सासऱ्यांनाच जाऊ दे श्रेय.

मी सुकं केलं, ओलं खोबरं बेतानं आणि मिरी. अण्णा, बरं झालं होतं. तुझ्या वारुळाच्या अळंबीची सर नाही, पण बरं. पुढं पिंजराच्याच पिशव्या भरल्या, शिबिरातलं सगळं मुकाट्यानं पाळलं, त्याही खड्ड्यात उगवल्या. गल्लीत वाटल्या. हे आनंदात, मी आनंदात. फक्त मला एक ठाऊक नव्हतं. बापानं घरातच औषध दिल्यावर गोळ्या कशाला, असं यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. मी सकाळी गोळ्या हातावर ठेवायची, हे पाणी प्यायचे, मिशी पुसायचे आणि सोप्यात जायचे. तिथं खुंटीला सासऱ्यांचा जुना धोटा टांगलेला आहे, मागावर आडवं सूत इकडून तिकडं फेकायचा तो. धोट्याला मधे सुताची कांडी ठेवायची पोकळी असते. गोळ्या तिथं जात होत्या.

मग एका सकाळी अळंबी काढायला म्हणून हे खड्ड्यात पाय सोडून बसले, आणि उठले नाहीत. मी भाकरी थापत होते. हाक मारली, ओ दिली नाही. मला वाटलं, नाटक करतायत, मागावर बसल्यागत बसलेत. जवळ गेले तर तोंड राखेसारखं, कपाळाला दरदरून घाम, आणि उजवा हात छातीवर. दुसऱ्या हातात अळंबीचा एक घोस घट्ट धरलेला. रिक्षात बसेपर्यंत तो त्यांनी सोडला नाही. त्या रिक्षात मी काय काय नवस बोलले ते देवालाच ठाऊक, काही तर मला फेडता येणार नाहीत. मी फार भ्याले होते अण्णा. इतकी वर्षं ज्या माणसाशी भांडले त्याच्याशी आणखी भांडायचं होतं, एवढंच मनात येत होतं.

वेळेवर पोचलो म्हणून निभावलं. गुठळी नुकती धरत होती म्हणे. शुद्धीवर आल्यावर यांनी आपणहून सांगितलं, "धोट्यात बघ." घरी येऊन धोटा उलटा केला तर जमिनीवर गोळ्याच गोळ्या. डॉक्टरबाई तोवर कधी रागावल्या नव्हत्या, त्या दिवशी रागावल्या. कन्नड धाटणीच्या मराठीत म्हणाल्या, "अज्जा, अळंबी भाजी हाय. छान भाजी. रोज खावा. गोळी ही गोळी हाय. भाजीला गोळीचं काम सांगू नका, ती बिचारी काय करणार?" यांनी मान डोलावली, पण या वेळी ऐकून. संध्याकाळी मारुतीराव निपाणीहून धावत आले. आल्या आल्या त्यांनी खिशातून एक डबी काढली, वारांची नावं लिहिलेली, प्रत्येक खणात गोळ्या. पाण्याचा ग्लास मागितला आणि आपली गोळी घेतली. मारुतीराव म्हणाले, "अरे, जवस खा म्हनलं मी. गोळ्या सोड असं कवा म्हनलं? मी एक दिवस सोडली न्हाय." आणि मग तो तंबाखूच्या वखारीत हयात घालवलेला माणूस खाटेच्या कडेला बसून यांचा हात धरून रडला. आपल्यामुळंच झालं असं त्याला वाटत होतं. मीच समजूत काढली, आणि सांगितलं की जवसाची चटणी आम्ही चालू ठेवणार आहोत.

आता सगळं सुरळीत आहे. सकाळी गोळी माझ्या देखत, तोंड उघडून दाखवायचं, मग आंबील. लसूण फोडणीपुरती. खड्ड्यात अळंबी उगवते आहे आणि यांना ती काढायची परवानगी आहे, पण मी शेजारी असताना. धोटा मी देव्हाऱ्यात ठेवला आहे. तिथं तरी काही लपवायची लाज वाटेल. तू नेहमी म्हणतोस, "आम्ही रानचं खानारी मानसं, आमच्या काळजाला काय हुतंय?" तुझ्या दाजींनाही असंच वाटलं होतं. आणि अण्णा, आप्पा कुठं शहरातलं खात होते? नाचणी, हुलगे, कोकम, अळंबी, दिवसभर चाल. तेही रानचंच खाऊन गेले.

बाकी सर्व ठीक. जयावहिनीला जवळ बसवून माझा नमस्कार सांग, म्हशींना थोपट, कुत्र्याच्या फार जवळ जाऊ नकोस. लिहिताना काही कमीजास्त झालं असेल तर बहिणीचं म्हणून सोडून दे.

तुझी,
तारा

ता. क. पुढच्या आठवड्यात गुरुवारी यांना पुन्हा दाखवायचं आहे. मला बरोबर न्यायला तयार नाहीत, कारण मी बाईंना सगळं खरं सांगते. एकटं जायला घाबरतात. पुरुषमाणसाची सोबत हवी म्हणतायत, तर आदल्या दिवशी, बुधवारच्या संध्याकाळच्या बसनं ये. म्हशींचं वहिनी बघेल. (तिनं तसं सांगितलेलं नाही. माझा आपला अंदाज.)

आणखी एक ता. क. तिथं सोबत आलेल्या माणसाचीही छाती तपासायची पद्धत आहे. सगळ्यांचीच करतात, दोन वायरी लावतात, दुखत नाही. (अशी काही पद्धत नाही. मी डॉक्टरबाईंशी बोलून तुझं नाव सांगून आले आहे. खोटं लिहायला बसले, पण पुढच्या ओळीपर्यंत निभावलं नाही.)

शेवटचं. तुझ्या फोनबद्दल. मागाच्या खड्ड्यात यांच्या तोंडाचा जो रंग मी पाहिला, तो मी आधी एकदा पाहिला होता. आप्पा टोपली अर्ध्या चढावर ठेवून परत आले होते, त्या दिवशी. त्याच संध्याकाळी ते तुला परसात घेऊन गेले आणि त्यांनी तुला जागा सांगितली. तू केवढ्या ऐटीत आत आलास ते मला आठवतं. पुढची अळंबी आप्पांनी पाहिली नाही. जागा सांगितली की माणूस मोकळं होतं, अण्णा. म्हणून परवा तू आपण होऊन सांगतो म्हणालास तेव्हा मी हसले, फोन ठेवला आणि किती तरी वेळ खड्ड्याच्या काठावर बसून राहिले. मला ती जागा नको. फोनवर सांगू नकोस, कागदावर लिहून ठेवू नकोस, वहिनीजवळही बोलून ठेवू नकोस. बुधवारी ये. बाई काय सांगतील ते करू, जाळी बसवायची तर बसवू, दाजी तुला जरीचीच मागवतील. आणि पुढच्या पावसाळ्यात तूच चढ चढून जा, पानात बांधून माझ्या वाटणीची अळंबी पाठव, आणि मी कुठून आणलीस म्हणून विचारलं की नेहमीसारखा तोंड फिरवून म्हशीशी बोलायला लाग.